ब्रिटनमध्ये ग्राइंडर-ब्रेकर चालवून बोटं पांढरी पडतात? भत्त्याचा अर्ज असा करा

सकाळी गार हवेत कामावर निघताना जाकिटाची बटणं लागत नाहीत. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका मेणासारखी पांढरी पडलेली, आणि पांढरं कुठे संपतं ती रेघ आखल्यासारखी स्पष्ट. ऊब मिळाली की बोटं लाल होतात, ठणकतात. थरथरणारी अवजारं वर्षानुवर्षं धरल्याने बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा बिघडतात, त्याची ही खूण. या आजाराला 'व्हायब्रेशन व्हाइट फिंगर' म्हणतात. 'थंडीच आहे' म्हणून कृपया सोडून देऊ नका.

ब्रिटनमध्ये १९८५ पासून हा आजार कामामुळे होणाऱ्या आजारांच्या सरकारी यादीत आहे, क्रमांक ए११. त्यासाठी 'इंडस्ट्रियल इंज्युरीज डिसेबलमेंट बेनिफिट' हा कामामुळे आलेल्या अपंगत्वाचा सरकारी भत्ता मिळू शकतो. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही, तुमची बचत किंवा पगार पाहिला जात नाही, आणि नोकरी चालू असतानाही अर्ज करता येतो. व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' (सार्वजनिक निधीतून मदत घेता येणार नाही) असा शेरा असलेले आपले लोक इथेच घाबरतात. पण सार्वजनिक निधीच्या त्या यादीत हा भत्ता नाही.

मात्र काम इंग्लंड, स्कॉटलंड किंवा वेल्समध्ये नोकरदार म्हणून केलेलं हवं. स्वतःचा धंदा असेल तर ते काम धरत नाहीत. कोल्हापूरच्या फाउंड्रीत फेटलिंगमध्ये (ओतलेल्या धातूच्या कडा साफ करण्याच्या कामात) घालवलेली वर्षंही मोजत नाहीत, पण विचारलं तर लपवू नका.

कामाचे प्रकार ठरलेले आहेत, त्यांतले मुख्य असे: लाकडावर चेनसॉ, हातातल्या ग्राइंडरने घासकाम, धातूचं सँडिंग किंवा पॉलिश, धातूवर ठोके देणाऱ्या अवजारांनी रिव्हेटिंग-चिपिंग-फेटलिंग, आणि खाण, दगडखाण, पाडकाम किंवा रस्त्यावर पॉवर हॅमर किंवा हॅमर ड्रिल. म्हणजे अवजार तेच, पण जागा बदलली की निकाल बदलतो. नव्या घराच्या भिंतीला भोकं पाडणारा हॅमर ड्रिल या ओळीत बसत नाही, इमारत पाडताना वापरलेला बसतो. म्हणून फॉर्मवर नुसतं 'बांधकाम मजूर' लिहू नका. काय, कुठे, कशाने आणि दिवसाला किती तास, हे लिहा.

आजाराची कसोटीही काटेकोर आहे. पांढरेपणा थंडीने येणारा, अधूनमधून पण वर्षभर होणारा हवा, आणि एकाच हाताच्या किमान तीन बोटांवर, टोकाच्या पेरासह त्याखालच्या पेरावरही. अंगठा बोटांत धरतात. फक्त टोकं पांढरी पडली तर पुरत नाही. दुसरी वाट नसांची: सततचा बधिरपणा किंवा मुंग्या, आणि जोडीला स्पर्श व बारीक काम करण्याची क्षमता दोन्ही लक्षणीय कमी झालेली.

अडचण अशी की तपासणीच्या दिवशी बोटं गुलाबी असतात. बोटं पांढरी पडतील तेव्हाच फोनने फोटो काढा, रेघ आणि पेरं दिसतील असे, आणि तारीख वहीत नोंदवा. माझ्या मते या फोटोंइतका दुसरा उपयोगी कागद नाही.

फॉर्मचं नाव बीआय१००पीडी. तो सरकारी संकेतस्थळावर मिळतो, फोन करूनही मागवता येतो. सोबत नॅशनल इन्शुरन्स क्रमांक, सगळ्या मालकांची नावं-पत्ते आणि कामाच्या तारखा, जीपीचा (तुमच्या फॅमिली डॉक्टरचा) तपशील, हॉस्पिटलची पत्रं आणि बँक खातं तयार ठेवा. कंपनीने हातांची तपासणी केली असेल तर तो अहवालही मागून घ्या. जीपीकडे तक्रार आधी नोंदवलेली असावी.

उशीर करू नका, कारण मागची रक्कम जास्तीत जास्त तीन महिन्यांची मिळते. अर्जानंतर भत्ता देणारा सरकारी विभाग (डीडब्ल्यूपी) मालकाकडे चौकशी करतो, मग वैद्यकीय तपासणी होते आणि अपंगत्वाची टक्केवारी ठरते. भत्त्यासाठी साधारणपणे ती किमान १४ टक्के लागते.

नकार आला तर पत्राच्या तारखेपासून एका महिन्यात फेरविचार मागा, त्याला 'मँडेटरी रिकन्सिडरेशन' म्हणतात. तोही नाकारला तर पुढच्या एका महिन्यात ट्रायब्युनलकडे (न्यायाधिकरणाकडे) अपील करता येतं. दोन्ही वेळी ते फोटो आणि वहीची पानं जोडा.