क्लाउडच्या आकृत्या कोडमध्ये लिहिण्यामागची पार्श्वभूमी

एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पेमेंट व्यवहारांची माहिती भारतातच साठवण्याचा आदेश काढला आणि त्याच्या पूर्ततेचा लेखापरीक्षण अहवालही मागितला. अॅमेझॉनच्या क्लाउडचा, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हर व साठवणीचा, मुंबईतील विभाग २०१६ पासूनच सुरू होता, म्हणजे माहिती ठेवायला शहरात जागा होती. ती कोणत्या वाटेने कोठे पोहोचते हे लेखापरीक्षकाला दाखवण्यासाठी मात्र साऱ्या यंत्रणेची अद्ययावत आकृती लागते, आणि माउसने ओढून काढलेली आकृती पुढच्याच बदलानंतर शिळी होते.

आकृती लिहून काढण्याची कल्पना या साऱ्याच्या कितीतरी आधीची आहे. एटी अँड टी या अमेरिकी दूरध्वनी कंपनीच्या बेल लॅब्स या संशोधनसंस्थेत ब्रायन कर्निघन यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी ‘पिक’ ही छोटी भाषा तयार केली आणि ट्रॉफ या अक्षरजुळणी प्रणालीच्या मजकुरातच चौकोन व बाण शब्दांत सांगता येऊ लागले. चौकोन कोठे बसवायचा, हे तेव्हा लिहिणाऱ्यानेच ठरवायचे असे. ते काम यंत्राकडे सोपवले ते एटी अँड टीमध्ये १९९१ च्या सुमारास सुरू झालेल्या ग्राफविझ या प्रोग्रामने. त्याच्या ‘डॉट’ भाषेत कोण कोणाशी जोडलेले आहे एवढे लिहिले की पुरते; घटकांना पातळ्या देणे, रेषा एकमेकींना कमीत कमी छेदतील असा क्रम लावणे आणि शेवटी जागा ठरवणे, हे सारे प्रोग्राम करतो. या पद्धतीचा पाया कोझो सुगियामा व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये घातला होता. एक घटक वाढवताच सगळी मांडणी हलते, ही आजच्या वापरकर्त्यांची तक्रारही त्याच पद्धतीतून आलेली आहे.

प्लँटयूएमएल (२००९) आणि मर्मेड (२०१४) या मजकुरातून आकृती काढणाऱ्या साधनांनी ही रीत सॉफ्टवेअरच्या दस्तऐवजांत रुळवली. क्लाउडपुरता निर्णायक बदल मात्र दुसऱ्याच बाजूने आला: क्लाउडफॉर्मेशन (२०११) आणि टेराफॉर्म (२०१४) या साधनांमुळे सर्व्हर, नेटवर्क व डेटाबेस यांची उभारणीच मजकुराच्या फाइलींतून होऊ लागली. टेराफॉर्म अवलंबनांचा, म्हणजे कोणता घटक कोणावर विसंबून आहे याचा, आलेख थेट डॉटमध्ये काढून देते, पण त्यात लहानसहान नियमही स्वतंत्र घटक म्हणून येत असल्याने मोठ्या प्रकल्पात तो वाचण्याजोगा उरत नाही. पायथन या प्रोग्रामिंग भाषेसाठी २०२० मध्ये आलेल्या ‘डायग्राम्स’ या साधनात काय दाखवायचे याची निवड पुन्हा माणसाकडे आली, क्लाउड कंपन्यांची चिन्हे त्यात तयार मिळतात आणि मांडणी अजूनही ग्राफविझच करते.

‘डायग्राम्स’भोवतीचा उत्साह पाहता हे सांगायला हवे की ते प्रत्यक्ष क्लाउड खाते वाचत नाही. कोणी परस्पर कन्सोलवरून, म्हणजे क्लाउड कंपनीच्या नियंत्रण-पानावरून, एखादा डेटाबेस वाढवला, तर आकृतीला त्याची खबर नसते. जमेची बाजू एवढीच, पण लेखापरीक्षणाला सामोरे जाणाऱ्यांसाठी मोलाची, की आकृतीची फाइल गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात ठेवल्यास कोणती जोडणी कोणी आणि केव्हा बदलली, हे ओळीनिशी काढून दाखवता येते.