नवाकिली आणि पाकिस्तानी स्क्वॉश

नवाकिली हे पाकिस्तानातील पेशावरजवळचे एक छोटे पठाणी गाव. पश्तोत नावाचा अर्थ ‘नवे गाव’. १९५१ ते १९९७ या काळात पाकिस्तानने ब्रिटिश ओपन ही स्क्वॉशची (भिंतींनी वेढलेल्या कोर्टात रॅकेटने चेंडू भिंतीवर मारत खेळायच्या खेळाची) सर्वांत मानाची स्पर्धा ३० वेळा जिंकली आणि त्यातली बहुतेक विजेतेपदे या गावाच्या किंवा इथून बाहेर पडलेल्या घराण्यांच्या खेळाडूंची होती. एवढ्याशा वस्तीने एखाद्या जागतिक खेळावर इतकी वर्षे पकड ठेवल्याचे दुसरे उदाहरण सहज सापडत नाही.

या परंपरेचे मूळ इंग्रज लष्कराच्या नोकरीत आहे. पेशावरच्या अधिकारी क्लबात टेनिस आणि स्क्वॉशची कोर्टे होती आणि तिथली चाकरी गावातल्या माणसांकडे असे. हाशिम खान यांचे वडील अब्दुल्ला क्लबात मुख्य कारभारी होते. त्यांच्या अपघाती मृत्यूनंतर हाशिम यांनी शाळा सोडली आणि ते चेंडू गोळा करणारा पोऱ्या म्हणून कामाला लागले. स्क्वॉशच्या कोर्टांना छप्पर नव्हते. पोऱ्या भिंतीवर बसून बाहेर उडालेले चेंडू परत आणून देई. दुपारच्या उन्हाला कंटाळून साहेब आत गेले की कोर्ट मोकळे होई, आणि मग तापलेल्या जमिनीवर, फुटक्या चेंडूने, अनवाणी पायांनी हा मुलगा एकटाच खेळत राही. पुढे जगाला थक्क करणारी हाशिम यांची चपळाई या दुपारींत घडली. १९४२ मध्ये ते हवाई दलाच्या मेसमध्ये स्क्वॉशचे प्रशिक्षक झाले.

या कथेत मुंबईचे स्थान मोठे आहे. १९४४ साली मुंबईत भरलेली व्यावसायिकांची अखिल भारतीय स्पर्धा हाशिम यांनी जिंकली आणि पुढची दोन वर्षे विजेतेपद राखले. त्यांच्या नात्यातले अब्दुल बारी मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाकडे होते आणि फाळणीनंतर ते भारतातच राहिले. बारी १९५० च्या ब्रिटिश ओपनमध्ये अंतिम फेरीपर्यंत पोहोचले, तेव्हा बारींना पूर्वी मुंबईत हरवणाऱ्या हाशिम यांना घरी बसवेना. पाकिस्तानी हवाई दलाने त्यांना पुढच्या वर्षी इंग्लंडला पाठवले. तिशी केव्हाच मागे पडलेल्या या खेळाडूने इजिप्तच्या महमूद करीम यांना अंतिम सामन्यात ९-५, ९-०, ९-० असे हरवले. जागतिक स्पर्धा नसलेल्या त्या काळात ब्रिटिश ओपनचा विजेता हाच जगज्जेता मानला जाई.

हाशिम सात वेळा विजेते ठरले. त्यांचे भाऊ आझम चार वेळा, नात्यातले रोशन खान १९५७ मध्ये आणि भाचे मोहिबुल्ला १९६३ मध्ये. सलग तेरा वर्षे चषक एकाच गोतावळ्यात फिरला. त्यानंतर हाशिम आणि मोहिबुल्ला अमेरिकेत, आझम लंडनमध्ये क्लबांचे प्रशिक्षक झाले. पोटापाण्यासाठी हे स्वाभाविक होते, पण शिकवणारे हातही त्यांच्याबरोबर परदेशी गेले.

दुसरा बहर जहांगीर खान यांचा. रोशन यांच्या या धाकट्या मुलाला लहानपणी हर्नियाचा त्रास होता आणि डॉक्टरांनी अंगमेहनतीला मनाई केली होती. १९७९ मध्ये १५ व्या वर्षी ते जागतिक हौशी विजेते झाले. त्याच नोव्हेंबरात थोरले भाऊ तोरसम ऑस्ट्रेलियात सामना खेळत असताना हृदयविकाराने गेले. खचलेल्या जहांगीरला चुलतभाऊ रहमत यांनी हाताशी धरले आणि त्यासाठी स्वतःच्या खेळावर पाणी सोडले. जहांगीर यांच्या यशात हा त्याग नेहमी मोजला गेला पाहिजे. दोनच वर्षांनी टोरांटोत ऑस्ट्रेलियाच्या जेफ हंट यांना नमवून जहांगीर १७ व्या वर्षी जगज्जेते झाले.

त्यांची ताकद दमसासात होती. १९८३ मध्ये चिचेस्टरला इजिप्तच्या गमाल अवाद यांच्याविरुद्धचा पहिला गेमच १ तास ११ मिनिटे चालला. तो जहांगीर ९-१० असा हरले, पण प्रतिस्पर्ध्याच्या पायांतले बळ त्यातच संपले होते. २ तास ४६ मिनिटांनी सामना जहांगीर यांनी जिंकला. साडेपाच वर्षे ते अजिंक्य होते. सलग ५५५ विजयांचा आकडा सर्वत्र दिला जातो. १९८६ मध्ये तुलूझला न्यूझीलंडच्या रॉस नॉर्मन यांनी ही मालिका तोडली. जहांगीर यांच्या नावावर दहा ब्रिटिश ओपन आणि सहा जागतिक विजेतेपदे आहेत. नवाकिलीच्याच जानशेर खान यांनी आठ जागतिक विजेतेपदे आणि सहा ब्रिटिश ओपन मिळवली.

१९९७ नंतर पुरुषांचे ब्रिटिश ओपन एकाही पाकिस्तानी खेळाडूला जिंकता आलेले नाही. अनेक जण याचे खापर इजिप्तच्या उदयावर फोडतात. ते अपुरे आहे. पाकिस्तानात हवाई दल आणि पीआयए या विमान कंपनीने खेळाडूंना नोकरी व प्रवासखर्च दिला, पण खेळाचे खरे शिक्षण बापाकडून मुलाला, भावाकडून भावाला मिळत गेले. ही साखळी तुटल्यावर तिची जागा घेईल अशी देशव्यापी व्यवस्था उभी राहिलेली नव्हती.

या परंपरेत मुलींना जागाही नव्हती. दक्षिण वझिरिस्तानच्या मारिया तूरपकाई लहानपणी मुलाच्या वेषात, चंगेज खान या नावाने वावरल्या. पेशावरला स्क्वॉश शिकून त्यांनी २००९ च्या जागतिक कनिष्ठ स्पर्धेत कांस्यपदक मिळवले, पण धमक्यांमुळे त्यांना बराच काळ घरात कोंडून सराव करावा लागला आणि शेवटी कॅनडा गाठावे लागले.

जुलै २०२३ मध्ये मेलबर्नला नवाकिलीचा हमझा खान जागतिक कनिष्ठ विजेता झाला. पाकिस्तानला हे विजेतेपद यापूर्वी १९८६ मध्ये जानशेर यांनी मिळवून दिले होते.