सॉफ्टवेअर पॅकेजिंग

सॉफ्टवेअरचे सुटे घटक वेगवेगळ्या संगणकांवर विनासायास बसावेत म्हणून ते ठरावीक स्वरूपाच्या फाइलीत बांधण्याची पद्धत. अशा फाइलीला पॅकेज आणि ती आणून बसवणाऱ्या प्रोग्रामला पॅकेज मॅनेजर म्हणतात. फाइली दाबून एकत्र बांधणे हा यातला सोपा भाग. खरे मोल असते ते सोबत दिलेल्या नोंदीला.

डेबियन हे लिनक्स वितरण (लिनक्स या मुक्त संगणक-प्रणालीचा तयार संच) १९९३ साली सुरू झाले. त्याचे एखादे ‘डेब’ पॅकेज उघडले की आत तीनच गोष्टी दिसतात: स्वरूपाची आवृत्ती सांगणारी एका ओळीची फाइल, नोंदींचा गठ्ठा आणि प्रत्यक्ष फाइलींचा गठ्ठा. नोंदींत ‘कंट्रोल’ नावाची साधी मजकुराची फाइल असते. घटकाचे नाव, आवृत्ती, तो कोणत्या प्रोसेसरसाठी आहे, त्याला आणखी काय लागते, कोणाशी त्याचे जमत नाही, हे सगळे तिच्यात लिहिलेले असते. ती वाचून ‘एपीटी’ हा मॅनेजर काय काय आणायचे आणि कोणत्या क्रमाने बसवायचे हे ठरवतो.

ही नोंद नसली की काय होते, हे डीटीपीच्या जुन्या फायली सांगतात. इंदुरात हिंदी-मराठी निमंत्रणपत्रिका वर्षानुवर्षे कृतिदेवसारख्या, रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेल्या जुन्या फॉन्टांत जुळवल्या गेल्या. अशी फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की ‘श्रीगणेशाय नमः’च्या जागी रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. फाइलीला अमुक फॉन्ट लागतो ही गोष्ट ऑपरेटरला पाठ असते. त्याच्या संगणकाला ती कोणी सांगितलेलीच नसते.

घटक सुटे ठेवण्याचा फायदाही याच शहरात चटकन कळतो. होळकरांच्या राजवटीपासून इथे नांदणाऱ्या मराठी घरांत बोलणे मराठी आणि शाळा-कचेरी बहुधा हिंदी. रामबागेतल्या एखाद्या घरी आजोबांना लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस-सॉफ्टवेअरचे मेन्यू मराठीत हवेत आणि नातीला हिंदीत, म्हणून ऑफिस दोनदा बसवावे लागत नाही. मूळ प्रोग्राम एकच राहतो. ‘एल१०एन-एमआर’ आणि ‘एल१०एन-एचआय’ अशी शेपटी असलेली भाषेची दोन पॅकेजे त्याला जोडली की झाले. मूळ प्रोग्राम इंटेल आणि एआरएम प्रोसेसरांसाठी वेगळा बांधावा लागतो. भाषेच्या पॅकेजावर मात्र प्रोसेसरच्या रकान्यात नुसते ‘ऑल’ असते, कारण आत यंत्राला चालवायचे काही नसतेच, असतो तो बहुतांशी मजकूर. टायपिंगसाठी ‘आयबस-एम१७एन’ मागवले की त्याला लागणारी लायब्ररी (अनेक प्रोग्रामांनी मिळून वापरायचा कोड) आणि मराठी-हिंदी दोन्ही इनस्क्रिप्ट कळफलकाच्या मांडण्या मागोमाग येतात.

तरी दिसेल ते सुटे करत सुटणे शहाणपणाचे नाही. मराठी वळणाचे ल आणि श हिंदीहून निराळे असले, तरी ओपनटाइप या फॉन्टच्या तंत्रामुळे दोन्ही वळणे एकाच फॉन्टात ठेवता येतात आणि मजकुराची भाषा पाहून योग्य ते निवडले जाते. तिथे दोन पॅकेजे करणे म्हणजे उगाच पसारा. २०१६ च्या मार्चमध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हे जेमतेम ११ ओळींचे जावास्क्रिप्ट पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएम या पॅकेजांच्या सार्वजनिक भांडारातून काढून घेतले आणि त्यावर कुठून तरी विसंबून असलेल्या जगभरच्या असंख्य प्रकल्पांची बांधणी अडली. एवढ्याशा कामासाठी पॅकेज मुळात हवे कशाला, हा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला आणि तो रास्तच होता.

एकच घटक अनेक प्रणालींवर न्यायचा तर पायथन या प्रोग्रामिंग भाषेची ‘व्हील’ पद्धत पाहण्यासारखी आहे. पायथनची आवृत्ती, प्रणाली आणि प्रोसेसर फाइलीच्या नावातच गुंफलेले असतात. निव्वळ पायथनमध्ये लिहिलेल्या घटकाच्या नावाअखेरीस ‘एनी’ येते. व्हील रूढ होण्यापूर्वी सायपाय हा गणिती घटक बसवायला वापरणाऱ्याच्याच संगणकावर सी आणि फोरट्रानचे कंपायलर (कोड यंत्राच्या भाषेत बदलणारे प्रोग्राम) अनेकदा लागत, आणि विंडोजवाल्यांची त्यात फार दमछाक होई. लिनक्सवर अडचण आणखी वेगळी होती. ‘जीलिबसी’ या लिनक्सच्या पायाभूत लायब्ररीच्या नव्या आवृत्तीवर बांधलेला प्रोग्राम जुन्या प्रणालीवर चालेलच असे नसते, पण जुन्यावर बांधलेला नव्यावर सहसा चालतो. म्हणून २०१६ मध्ये ठरलेल्या ‘मेनीलिनक्स’ संकेताने मुद्दाम सेंटओएस ५ ही तेव्हाच जुनी झालेली प्रणाली पायाला धरली.

डॉकर (२०१३), स्नॅप आणि फ्लॅटपॅक या पॅकेजिंगच्या नव्या साधनांनी प्रोग्रामसोबत त्याचा बराचसा परिसरच बांधून द्यायचा मार्ग धरला. यात आवृत्त्यांची भांडणे मिटतात. मोबदल्यात डाउनलोड फुगते, आणि एखाद्या लायब्ररीत सुरक्षेची त्रुटी निघाली तर ती पोटात घेतलेले प्रत्येक पॅकेज पुन्हा बांधावे लागते. डेबियनमध्ये तीच लायब्ररी बहुधा एकदा बदलली की भागते. फ्लॅटपॅकने सामाईक भागासाठी ‘रनटाइम’ वेगळा काढून हा बोजा काहीसा हलका केला आहे. भाषाही त्याने सुट्याच ठेवल्या: नेहमीच्या मांडणीत तो प्रणालीच्या भाषेपुरतीच भाषांतरे उतरवतो. हिंदी प्रणालीवर मराठीही हवी असेल, तर सेटिंगच्या भाषांच्या यादीत ‘एमआर’ आपल्या हाताने घालून पॅकेजे एकदा अद्ययावत करावी लागतात.