छोट्या विमानांच्या पिस्टन इंजिनाची तपासणी

सेसना १५२, १७२ सारख्या ट्रेनिंगच्या विमानांना पिस्टनचं इंजिन असतं, बहुतेक लायकॉमिंग नाहीतर कॉन्टिनेंटल कंपनीचं, सिलिंडर आडवे समोरासमोर आणि हवेनेच थंड होणारे. त्याची उड्डाणाआधी, ५० तासांनी आणि १०० तासांनी जी ठरलेली तपासणी होते ती ही.

५० तासांना ऑइल बदलतात, फिल्टर कापून आतला घड्यांचा कागद उलगडतात आणि चुंबक फिरवतात, लोखंडाचा कीस चिकटतो, ॲल्युमिनियमचा नाही. ऑइल लॅबला पाठवायची पद्धत सर्वसाधारणपणे १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या रेल्वेच्या डिझेल इंजिनांवर सुरू झाली असं धरतात, विमानांकडे ती नंतर आली. आपल्याकडे मराठवाड्यात त्या रिपोर्टमधला सिलिकॉनचा आकडा आधी बघावा, कारण उन्हाळ्यात काळ्या मातीचा फुफाटा उडतो आणि एअर फिल्टर नीट बसलेला नसला की तीच धूळ सिलिंडर घासून काढते.

१०० तासांना कंप्रेशन, म्हणजे सिलिंडर दाब किती धरून ठेवतो ते, बघतात, आणि खरा वाद इथेच आहे. इंजिन गरम असतानाच प्लग काढून, पिस्टन वर आणून सिलिंडरमध्ये ८० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा सोडायची, एकाने पंखा घट्ट धरायचा (सुटला तर हात जातो), दुसऱ्या गेजवर आत किती टिकली ते वाचायचं, मग ७२/८० असं लिहायचं. पाव भागापेक्षा जास्त गळती नको, म्हणजे ६०/८० ची मर्यादा, हा जुना नियम आणि लायकॉमिंग साधारण त्याच्याच जवळ राहतं, शिवाय सिलिंडरा-सिलिंडरांत १०-१५ चा फरक दिसला तर शोध घ्या म्हणतं. कॉन्टिनेंटलने मात्र १९८४ च्या सुमारास वेगळी वाट धरली, टेस्टरला ठराविक भोकाची नळी लावून जो आकडा येईल तीच त्या दिवसाची मर्यादा, ती चाळिशीतही येऊ शकते, आणि २००३ मध्ये त्याला बोअरस्कोपची, म्हणजे सिलिंडरच्या आत घालून बघायच्या बारीक कॅमेऱ्याची, जोड दिली. हेच जास्त पटतं, कारण नुसत्या आकड्यावरून गळती कुठली ते कळत नाही, त्याला कान लावावा लागतो: सायलेन्सरच्या पाइपातून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व, कार्बोरेटरकडून आली तर इनटेक, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर पिस्टनच्या रिंगा. रिंगांचा आकडा इंजिन थोडं फिरवून परत घेतला तर बदलतो पण जळत चाललेला एक्झॉस्ट व्हॉल्व एक दिवस हवेतच तुटतो, म्हणून एकाच आकड्यावर सिलिंडर उतरवू नये आणि व्हॉल्वकडची फुसफुस ऐकून सोडूनही देऊ नये.

प्लग साफ करून वरचे खाली, खालचे वर लावतात, निळ्या १०० एलएल पेट्रोलातलं शिसं खालच्या प्लगांत जास्त साठतं.

मॅग्नेटो, म्हणजे प्लगला ठिणगीची वीज देणारे, दोन असतात. उड्डाणाआधी मॉडेलप्रमाणे १७०० किंवा १८०० आरपीएमला एकेक बंद करतात, आरपीएममधली घट १२५ ते १५० च्या आत आणि दोघांतला फरक ५० च्या आत हवा. घट अजिबात आलीच नाही तर काहीजण खूश होतात, ते चूक आहे, अर्थिंगची तार तुटलेली असू शकते आणि मग चावी बंद असतानाही हाताने पंखा हलवला तर इंजिन सुरू होऊ शकतं. म्हणून इंजिन बंद करण्याआधी आयडलला, म्हणजे अगदी हळू चालू असताना, चावी क्षणभर ऑफ करून बघतात, इंजिन तेवढ्यात दबलं पाहिजे.