वाळा बांधासाठी लावायचा की मुळांसाठी?

वाळा म्हणजे खस. उष्ण कटिबंधातले हे बहुवर्षायू गवत, शास्त्रीय नाव क्रायसोपोगॉन झिझॅनिऑइडिस. त्याचे दोन उपयोग सांगितले जातात: माती धरणे आणि सुगंधी मुळे देणे. लागवड करण्याआधी यातला एक निवडावा लागतो. मुळे हवीत तर ठोंब उपटावा लागतो, आणि उतारावरचा ठोंब उपटला की पहिल्याच वळवात तिथली माती वाहून जाते.

बांधावर वाळा उपयोगी पडतो तो मुळांच्या दिशेमुळे. बहुतेक गवतांची मुळे वरच्या थरात आडवी पसरतात. वाळ्याची सरळ खाली जातात, मोकळ्या जमिनीत 3 मीटरपर्यंतही. म्हणून शेजारच्या पिकाशी त्यांची फारशी स्पर्धा होत नाही. मुळांची सरासरी ताणशक्ती सुमारे 75 मेगापास्कल, म्हणजे साध्या पोलादाच्या जवळजवळ एक षष्ठांश मोजली गेली आहे. वर ताठ पात्यांची दाट ओळ पाण्याचा वेग मोडते आणि गाळ मागेच बसतो. गाळाने ठोंब बुजला तर वरच्या पेरातून नवी मुळे फुटतात, त्यामुळे गाळासोबत ओळही उंचावत जाते.

रोपे घेताना बी न धरणारा, दक्षिण भारतीय प्रकार मागून घ्या. उत्तरेकडचा रानटी प्रकार बी धरतो आणि नको तिथे उगवतो. जून ठोंब खणून त्याचे दोन-तीन फुटव्यांचे तुकडे करा. पाती 20 सेंटिमीटरवर आणि मुळे 5 ते 10 सेंटिमीटरवर छाटा. फुलोरा येऊन गेलेल्या जुन्या काड्या बेण्यात नकोत, त्या नीट फुटत नाहीत. मुळे शेणकाल्यात बुडवून ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवा. उन्हात पडलेले बेणे लावून उपयोग नाही.

लागवड पाऊस स्थिरावल्यावर, समतल रेषेवरच, म्हणजे उताराला आडव्या, सगळीकडे एकाच उंचीवरच्या रेषेवर. रेषा आखायला गवंड्याची पाण्याची नळी पुरते. हे काम डोळ्यांच्या अंदाजावर सोडू नये. ओळ थोडी जरी कलली तरी पाणी तिच्या कडेने धावून सखल टोकाला साचते आणि तिथेच घळ पडते. दोन बेण्यांत 10 ते 15 सेंटिमीटर अंतर ठेवा; 100 मीटर ओळीला 700 ते 1000 बेणी लागतात. दोन ओळींच्या उंचीत 1 ते 2 मीटर फरक असावा, म्हणजे 10 टक्के उताराच्या शेतात ओळींमधले अंतर 10 ते 20 मीटर येते.

पहिले वर्ष जपावे लागते. महिन्याभरात नांग्या भरा, म्हणजे मेलेल्या बेण्यांच्या जागी नवी लावा, कारण एका फटीतून घुसणारे पाणी पूर्ण ओळ निकामी करते. तण वेळेवर काढा आणि कोवळी पाती जनावरांपासून राखा. एकदा रुजलेला वाळा दुष्काळही सोसतो आणि पाणी साचलेलेही सोसतो, सावली मात्र त्याला मानवत नाही. दाट झाडाखाली ओळ विरळ होत जाते. जमिनीपासून 30 ते 50 सेंटिमीटरवर वर्षातून दोन-तीनदा कापणी केली की फुटवे वाढतात. कापलेली पाती आच्छादनाला घ्या.

मुळांसाठी लावायचा असेल तर सपाट, वालुकामय जमीन निवडा. काळ्या चिकट मातीत मुळे खणताना तुटतात आणि अर्धे उत्पन्न जमिनीतच राहते. 60 बाय 30 सेंटिमीटर अंतर पुरते. लखनौच्या सीमॅप (केंद्रीय औषधी आणि सुगंधी वनस्पती) संस्थेने केएस-1, धारिणी, गुलाबी अशा वाणांची निवड केली आहे.

काढणी 15 ते 18 महिन्यांनी करावी. घाई केली तर तेल कमी आणि हलक्या प्रतीचे निघते, फार थांबले तर मुळे लाकडासारखी होतात. मुळे धुऊन सावलीत वाळवतात. मुळांतले तेल वाफेने काढतात; हे ऊर्ध्वपातन बरेच तास चालते, कारण खुसिमॉलसारखे जड घटक सहजासहजी वाफेबरोबर येत नाहीत. शिवाय तेलाची घनता पाण्याच्या इतकी जवळ असते की दोन्ही वेगळे व्हायलाही वेळ लागतो. लहान शेतकऱ्याने भट्टीच्या फंदात न पडता वाळवलेली मुळे विकणेच बरे. मुळे कापल्यावर उरलेला ठोंब मात्र टाकू नये, त्याच दिवशी फोडून पुढच्या लागवडीला वापरता येतो.