गोदामात थप्पी अंगावर कोसळली, तर भरपाईचा अर्ज कसा करायचा?

पोत्यांची थप्पी अंगावर आली की मुकादमाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "तूच नीट लावली नव्हतीस." भरपाईच्या कायद्यात या वाक्याला फारसं वजन नाही. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही, कामगाराच्या साध्या निष्काळजीपणानं हक्कही जात नाही. काम करताना, कामामुळे इजा झाली हे दाखवावं लागतं. नशेत असणं किंवा सुरक्षेचा स्पष्ट नियम मुद्दाम मोडणं, या मालकाच्या पळवाटा. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर त्याही बंद होतात.

आधी पगारपावती काढून बघा. ईएसआय कापला जात असेल तर भरपाई कर्मचारी राज्य विमा महामंडळ देतं आणि मालकावर वेगळा दावा चालत नाही. कामाचा पहिलाच दिवस असला तरी कामावरच्या अपघाताचा लाभ मिळतो. कामावर येता येत नाही तोवर सरासरी वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळते. त्यासाठी मालकानं अपघात अहवाल पाठवलेला असावा आणि ईएसआयच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र हवं.

ईएसआय नसेल, तर दावा मालकावर. ठेकेदाराकडून कामाला असलात तरी गोदाम चालवणाऱ्या मूळ मालकाकडे भरपाई मागता येते. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली. दावा ऐकणाऱ्या अधिकाऱ्याला आयुक्तांऐवजी आता 'सक्षम प्राधिकारी' म्हणतात, हिशेबाचं सूत्र मात्र तेच. अर्ज अपघातापासून दोन वर्षांत करायचा. अपघात झाला तिथे किंवा तुम्ही राहता त्या भागातही तो करता येतो; परगावाहून आलेल्या हमालांना हे सहसा कुणी सांगत नाही.

कागद : ओळखपत्र, वयाचा पुरावा, पगार किंवा हजेरीचा पुरावा, मालकाला दिलेल्या लेखी सूचनेची पोच, दवाखान्याचे सगळे कागद. केसपेपरवर "गोदामात थप्पी कोसळून इजा" असंच लिहून घ्या; नुसतं "पडून इजा" लिहिलं की पुढे वाद सुरू होतो. शक्य असेल तर माल हलवण्याआधी थप्पीचा फोटो काढून ठेवा.

पाठीच्या कण्याच्या इजेत जास्त जपा. अंगठा, पाय गमावल्यास टक्के कायद्याच्या परिशिष्टात ठरलेले आहेत, कण्याचे नाहीत. तिथे डॉक्टरांनी कमाईची क्षमता किती घटली ते लिहायला हवं. नुसते अपंगत्वाचे टक्के पुरत नाहीत. कायमच्या पूर्ण अपंगत्वात महिन्याच्या वेतनाचे ६० टक्के गुणिले वयाचा गुणांक, म्हणजे त्या वयासाठी कायद्यात ठरलेला आकडा. वय ३०, वेतन १५,००० असेल तर ९,००० × २०७.९८, म्हणजे १८,७१,८२० रुपये. अंशतः अपंगत्वात त्यातला टक्केवारीनुसार हिस्सा.

"काही तक्रार नाही" असं लिहून सही घेतली असली तरी हक्क सोडल्याचा असा करार कायद्यात टिकत नाही. मृत्यू झाला असेल तर रक्कम प्राधिकाऱ्याकडेच जमा व्हावी लागते. घरी आणून दिलेली रोकड, तीन महिन्यांच्या वेतनापर्यंतची उचल सोडली तर, भरपाईत धरली जात नाही.