श्रमाचे निर्वस्तूकरण

मजुरी बुडाली तरी माणसाला बरे जगता यावे, आणि तेही कुणाच्या दयेवर नव्हे तर हक्काने, अशी सोय शासनसंस्था कितपत करते हे मोजणारी समाजशास्त्रातील संकल्पना. बहुतेकांकडे बाजारात विकण्याजोगे श्रमच असतात; आजारपणात, म्हातारपणी किंवा बेकारीत ते न विकताही चूल पेटती राहिली, तर तेवढ्यापुरते श्रमाचे वस्तूपण कमी झाले असे मानतात. श्रम, जमीन व पैसा या विक्रीसाठी निर्माण झालेल्या वस्तू नव्हेत, हा विचार अर्थ-इतिहासकार कार्ल पोलान्यी यांनी १९४४ मध्ये मांडला होता. त्यावर मोजपट्टी बांधली ती डॅनिश समाजशास्त्रज्ञ गोस्टा एस्पिंग-अँडरसन यांनी.

एस्पिंग-अँडरसन यांचा जन्म १९४७ चा. कोपनहेगन येथे शिक्षण घेऊन त्यांनी अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. पुढे हार्वर्ड, फ्लॉरेन्स, त्रेन्तो व बार्सिलोना येथे अध्यापन केले. ‘द थ्री वर्ल्ड्स ऑफ वेल्फेअर कॅपिटॅलिझम’ (१९९०) या ग्रंथात त्यांनी अठरा औद्योगिक देशांतील निवृत्तिवेतन, आजारभत्ता व बेकारभत्ता तपासून प्रत्येक देशाला गुण दिले; गुण जितके जास्त, तितके मजुरीवरचे अवलंबन कमी. स्वीडनला ३९.१ गुण पडले, तर अमेरिकेला १३.८ आणि ऑस्ट्रेलियाला १३.० एवढेच. शासन किती खर्च करते यापेक्षा तो कोणत्या अटींवर करते हे त्यांनी महत्त्वाचे मानले, आणि त्यातूनच उदारमतवादी (गरिबी सिद्ध करणाऱ्यालाच मदत), परंपरानिष्ठ (नोकरी व वर्गणीनुसार मदत) व सामाजिक-लोकशाहीवादी (सर्वांना हक्काने मदत) अशी कल्याणकारी राज्याची तीन रूपे पुढे आली. या मोजपट्टीत घरातले बिनपगारी काम कुठेच येत नाही. जिला मुळात मजुरीच मिळत नाही, तिची मजुरीपासून सुटका मोजायची कशी, हा स्त्रीवादी अभ्यासकांचा आक्षेप एस्पिंग-अँडरसन यांनी पुढील लेखनात बऱ्याच अंशी मान्य केला.

अठरा देशांच्या यादीत भारत नाही, आणि दरमहा पगार गृहीत धरणारी ही मोजपट्टी मराठवाड्याच्या कोरडवाहू गावांना जशीच्या तशी लावताही येत नाही. तरीही तिचा मूळ प्रश्न येथे नेमका लागू पडतो. श्रावणबाळ योजनेचे उदाहरण पाहता येईल. ६५ वर्षांवरील वृद्धाला तीतून दरमहा १,५०० रुपये मिळतात. मात्र अर्जासोबत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा तहसील कार्यालयाचा दाखला जोडावा लागतो. आधी गरिबी सिद्ध करा, मग मदत घ्या, हा उदारमतवादी नमुन्याचा पक्का विशेष होय.

रोजगार हमी योजना मात्र तिन्ही नमुन्यांत नीट बसत नाही. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आकाराला आलेल्या या योजनेने १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील लाखो हातांना काम दिले; खडी फोडण्याच्या व पाझर तलावांच्या कामांची आणि तिथे वाटल्या जाणाऱ्या सुकडीची आठवण जुनी माणसे अजून काढतात. १९७७ च्या कायद्याने काम मागणे हा ग्रामीण प्रौढांचा हक्क ठरला आणि मुदतीत काम न दिल्यास बेकारभत्ता देण्याचे बंधन शासनावर आले. येथे श्रमांची विक्री थांबत नाही, कारण मातीचे माप भरेल तेवढीच मजुरी मिळते. पण गावातल्या एकाच मालकाच्या दारात उभे राहण्याची सक्ती संपते, आणि मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, बाईचे नाव स्वतंत्रपणे चढते. निर्वस्तूकरणाच्या काटेकोर व्याख्येत न बसणारी ही सुटका मराठवाड्याच्या संदर्भात दुय्यम मानता येणार नाही.

याचे उलट टोक ऊसतोडीत दिसते. बीड व आसपासच्या जिल्ह्यांतील कुटुंबे हंगामाआधीच मुकादमाकडून उचल घेतात, म्हणजे पुढच्या पाचसहा महिन्यांचे श्रम आगाऊ विकून टाकतात, आणि दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्राकडे किंवा कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. पहाटेच्या अंधारात तो ऊस तोडतो, ती पाचट काढून मोळी बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. हिशेब मात्र जोडीचा होतो, आणि उचल सहसा नवऱ्याच्या हाती पडते. घरातल्या श्रमांविषयीचा आक्षेप येथे फडातल्या श्रमांनाही लागू होतो. आजारपणामुळे काम चुकले तर त्याला खाडा म्हणतात आणि त्याचा दंड उचलीच्या हिशेबात धरला जातो. आजारभत्त्याची नेमकी उलटी रीत ती हीच. खाडा पडू नये म्हणून गर्भाशय काढले जात असल्याच्या तक्रारींनंतर बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा पाहणीतील ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले.